सात मिनिटांचा पेशंट

गेल्या वर्षी मला झाले नाहीत असे रोग फार थोडे. मार्चमध्ये मूळव्याध होती. एप्रिलभर मधुमेह. मे महिन्यातल्या एका रविवारी मी सकाळी गरोदर होतो, दुपारी दमेकरी आणि रात्री भांडी घासून झाल्यावर सोळा वर्षांची घाबरलेली मुलगी. एरवी माझी प्रकृती ठणठणीत आहे. पण बायको कॅनडात फार्मासिस्ट व्हायची परीक्षा देत असेल आणि घरात तिसरं माणूस नसेल, तर नवऱ्याला आजारी पडण्यावाचून गत्यंतर नसतं.

बायको सांगलीची, बी.फार्म. सासऱ्यांचं तिथे मेडिकलचं दुकान. ज्या वयात बाकीची पोरं बाराखडी गिरवतात, त्या वयात ही डॉक्टरांचं अक्षर लावत होती. आपल्याकडे डिग्री हातात पडली की मुंबईच्या फार्मसी कौन्सिलकडे कागद द्यायचे, १९४८ च्या कायद्याखाली रजिस्टरला नाव लावायचं आणि सर्टिफिकेट फ्रेम करून काउंटरमागे लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगायचं. (डिप्लोमावाल्यांच्या मागे २०२२ च्या नियमांनी एक्झिट परीक्षा लावली आहे. डिग्रीवाले तेवढे सुटले.) असं टांगलेलं सर्टिफिकेट कधी कधी एकट्याने दुकान सांभाळतं आणि त्यावर ज्याचं नाव आहे तो भलत्याच गावी भलतीच नोकरी करत असतो, हे उघड गुपित आहे. सासऱ्यांसमोर हा विषय काढू नये. जेवण गार होतं.

कॅनडात एवढ्यावर भागत नाही. इथे फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड आहे आणि त्यासाठी १९६३ साली संसदेने स्वतंत्र कायदा केलेला आहे. परदेशात शिकलेल्यांची ते आधी कागदपत्रं तपासतात. मग एक परीक्षा घेतात, कशासाठी, तर पुढच्या परीक्षेला बसण्याची आपली लायकी आहे का ते बघायला. मग ती पुढची परीक्षा, तिचे दोन भाग. त्यातून तरलात तर आपापल्या प्रांताच्या कायद्याची परीक्षा निराळी. संधी तीन, त्यापुढे अर्ज-विनंत्या. क्वेबेक प्रांताची तऱ्हा वेगळी आहे, पण तिथे फ्रेंच लागतं. फी भरायची ती हजारांत आणि तीही डॉलरमध्ये. आमच्या शेजारच्याच टोरांटोत १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला आणि त्याचं पेटंट संशोधकांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. बायकोच्या फीचा आकडा कळला त्या दिवशी सासऱ्यांनी फोनवर मला ही हकीकत दोनदा सांगितली.

मी सॉफ्टवेअरवाला. मला नोकरी देताना इथे मिसिसागात कुणी साधा सातबारा मागितला नाही. मी चुकलो तर कुठलीशी वेबसाइट झोपते. बायको चुकली तर माणूस झोपेल, हा फरक मला मान्य आहे. तक्रार आहे ती तिच्या अभ्यासाच्या पद्धतीबद्दल. या बाईला कुठलीही गोष्ट जिवंत माणसावर करून बघितल्याशिवाय पाठ होत नाही.

उदाहरणार्थ मूत्रपिंडं. औषधाचा डोस ठरवायला किडनी कितपत काम करते ते काढावं लागतं. त्याचं प्रसिद्ध सूत्र कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ मध्ये इथेच, मॉन्ट्रियलला बसून तयार केलं. १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, रक्तातल्या क्रिअ‍ॅटिनिनने भागायचं, पुढे बाई-पुरुषाप्रमाणे एक आकडा. बायकोने सराव म्हणून दोन्हीकडच्या नातेवाइकांचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले आणि सगळ्या खानदानाच्या किडन्या काढल्या. (काढल्या म्हणजे हिशेबाने.) लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात मेणबत्ती लावलेल्या टेबलावर ती माझ्याकडे एकटक बघत होती. मी जरा लाजलो. ती म्हणाली, “तुझं वजन आता किती धरू?”

पण या झाल्या वहीतल्या गोष्टी. खरा वाघ म्हणजे परीक्षेचा दुसरा भाग, ज्याला इथे सगळे ‘ऑस्की’ म्हणतात. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन नावाच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये ही पद्धत जगापुढे ठेवली. एका रांगेत खोल्या. प्रत्येक दारावर एक कागद. तो वाचायचा, आत जायचं. आत एक पेशंट असतो आणि कोपऱ्यात परीक्षक, जो हूं की चूं करत नाही, नुसता खुणा करतो. सात मिनिटांत पेशंटला बोलतं करायचं, दुखणं ओळखायचं, औषध द्यायचं किंवा डॉक्टरकडे धाडायचं. टण्णकन घंटा. वाक्य अर्धं असलं तरी बाहेर. पुढची खोली, पुढचा पेशंट.

हे पेशंट म्हणजे शिकवून तयार केलेले नट. ही कल्पना हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टची. १९६३ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईला पायांतली ताकद गेलेल्या रुग्णाची भूमिका शिकवली आणि तिला विद्यार्थ्यांपुढे बसवलं. तेव्हा वैद्यकीय मंडळींनी नाकं मुरडली. पुढे बॅरोज आमच्या शेजारच्या हॅमिल्टनला, मॅकमास्टर विद्यापीठात आले. एवढ्या जवळ आलेल्या माणसाने माझ्या संसारात शिरायचं टाळलं असतं तरी चाललं असतं.

तर आमच्या दिवाणखान्यात रोज रात्री ऑस्की. पेशंट मी. परीक्षक म्हणून खुर्चीवर माझं हिवाळी जाकीट बसवलेलं असायचं, त्याच्याही चेहऱ्यावर काही कळायचं नाही. बायको मला चिठ्ठी द्यायची: वय, दुखणं, चालू औषधं, आणि खाली ठळक अक्षरांत ‘विचारल्याशिवाय सांगू नये’. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाला मी फक्त लाइट्स करत असे. स्टेजवर पाऊल टाकायची इच्छा तिथेच राहून गेली होती, ती आता उसळून वर आली. मूळव्याधीचा पेशंट करताना मी दारातून आत येतानाच अशी चाल काढली की बायकोने टायमर थांबवला. “तुला नुसतं अवघडून बसायचंय,” ती म्हणाली. “नटसम्राट करायचा नाहीये.”

तिची अडचण वेगळीच होती. औषधं तिला तोंडपाठ. नडत होतं ते विचारणं. सांगलीच्या काउंटरवर सल्ला म्हणजे कात्रीने स्ट्रिप कापता कापता “ही सकाळी, ही रात्री, जेवून घ्या, चहा कमी करा”, आणि गिऱ्हाईक सुटे पैसे मोजतंय तोवर पुढच्याचा कागद हातात. इथे आधी नाव सांगायचं, मग दुखणं कधीपासून, कुठे, कशाने वाढतं, कशाने थांबतं, अ‍ॅलर्जी कसली, घरी कोण कोण, झोप कशी. आणि मध्ये योग्य जागा बघून सहानुभूती. तिला मार्क असतात! “तुम्हाला किती त्रास होत असेल याची मला कल्पना आहे,” असं डोळ्यांत बघून म्हणायचं. सांगलीत बद्धकोष्ठाच्या माणसाला कुणी असं म्हटलं तर तो रिपोर्टमध्ये काय निघालं ते विचारेल. बायको ते वाक्य इतक्या करड्या आवाजात म्हणायची की मी न केलेल्या गोष्टी कबूल करून टाकायचो.

जूनमध्ये आई साताऱ्याहून आली. मला वाटलं, सुटलो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, म्हणजे परीक्षा तिच्या रक्तातच. पण ती घेणं.

आल्या आल्या एक गैरसमज झाला. इथे अफूसारख्या पदार्थांच्या व्यसनातून सोडवायला मेथाडोन देतात, ते टँगमध्ये मिसळून, फार्मासिस्टच्या डोळ्यांदेखत प्यावं लागतं. पिऊन झाल्यावर माणसाला बोलायला लावतात, म्हणजे घोट खरोखर गिळला की गालात ठेवून विकायला नेतोय ते कळतं. आम्ही याचा सराव करत होतो. आई जेट लॅगमुळे रात्री उठून बाहेर आली तेव्हा तिला दिसलं ते असं: सून हातात मापाचा पेला घेऊन उभी, मुलगा निमूटपणे नारिंगी पाणी पितोय, आणि सून म्हणतेय, “आता तोंड उघडून बोल काहीतरी.” दुसऱ्या दिवशी साताऱ्याला मावशीला फोन गेला. “अगं, तो आधीच गरीब गं. त्याला रात्री काहीतरी पाजते.”

आईला सगळं समजावून सांगितलं आणि ती उत्साहाने पेशंट व्हायला तयार झाली. तिच्यासाठी खास मराठीत चिठ्ठी लिहिली. वय सत्तर, गुडघे दुखतात, ब्रुफेन मागायला दुकानात आली आहे, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत. या दोन गोळ्यांवर ब्रुफेन पडलं तर किडनीवर तिहेरी घाला बसू शकतो. बायकोने ते सात मिनिटांत हुडकून काढायचं.

टायमर सुरू झाला.

“नमस्कार, मी फार्मासिस्ट. काय त्रास होतोय तुम्हाला?”

“त्रास कसला. तू जेवलीस का आधी?”

“आई, तुम्ही पेशंट आहात.”

“हां हां. गुडघे दुखतात.”

“तुम्हाला किती त्रास होत असेल याची मला कल्पना आहे.”

“कुठली असणार तुला, तुझे गुडघे अजून चांगले आहेत.”

“...दुसरी काही औषधं चालू आहेत का?”

“छे गं. औषधं कसली. मी नाही बाई गोळ्या खात.”

“ब्लडप्रेशरची?”

“ती होय? ती रोजचीच की. ते काय औषध आहे?”

“आणखी काही रोजचं?”

“थायरॉइडची बारकी पांढरी. सकाळी चहाबरोबर घेते, म्हणजे कॅल्शियमची पण तेव्हाच उरकते. साखरेची अर्धी. आणि गुडघ्यांना ती आपली डायक्लो, देसायांच्या सुनेने सांगितलेली, दुखलं की एक. नि एक काढा. तो आयुर्वेदिक आहे, तो धरू नकोस.”

चिठ्ठीत यातलं काहीच नव्हतं. मी जाकिटाकडे बघितलं. बायकोने हळूच विचारलं, “आई, हे सगळं तुम्ही खरंच घेता?” तेवढ्यात टायमर वाजला. आई म्हणाली, “त्याला बंद कर, माझं व्हायचंय अजून.”

मग आईची पिशवी डायनिंग टेबलावर रिकामी झाली. आतून एक पुरचुंडी निघाली आणि तिच्यातून गोळ्या. स्ट्रिपा अशा कापलेल्या की नाव छापलेला तुकडा नेमका दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेला. उरलेल्या चांदीवर कुठे ‘मिग्रॅ’, कुठे नुसती तांबडी रेघ. एका तुकड्यावर बॉलपेनने ‘स.’ लिहिलेलं. ते सकाळचं की संध्याकाळचं यावर सासू-सुनांचा बराच वेळ गेला. बायकोने आकार, रंग, खोदलेली अक्षरं बघत एकेक गोळी ओळखली, ओळख पटेना त्याचे फोटो सांगलीला धाडले. सासऱ्यांनी तिथे पहाटे उठून चष्मा लावून उत्तरं दिली. रक्तदाबाची गोळी निघाली टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची जोडगोळी, आणि वर डायक्लोफिनॅक. म्हणजे चिठ्ठीतला तिहेरी घाला आमच्याच घरी, साताऱ्याहून विमानाने आलेला. डायक्लो त्याच रात्री जप्त झाली. थायरॉइडची उपाशीपोटी, कॅल्शियम निदान चार तासांनी, अशी ताटातूट झाली. सूत्राने आईची किडनी काढायला बायकोने “१४० वजा सत्तर” म्हणायला सुरुवात केली तशी आई घाईने म्हणाली, “एकशेचाळीस नको गं, मला एवढं जगायचं नाही.”

साखरही तपासली. इथलं मापच वेगळं, आपल्या आकड्याला अठराने भागायचं. मशीनवर आलं आठ. आईने साताऱ्याच्या भगिनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘इथली हवा मानवली. साखर १४५ वरून ८.’ फुलं, हात जोडलेले, केक, सगळं आलं. एका काकूंनी तिथली हवा कुरिअरने मिळेल का विचारलं. बायको अठराचा गुणाकार समजावत राहिली. आईने तो समजून घेतला, पण ग्रुपवर दुरुस्ती टाकली नाही.

त्यानंतर चिठ्ठ्यांची गरज राहिली नाही. शेजारच्या पंजाबी बीजी, बायकोच्या अभ्यासगटातल्या इजिप्शियन मुलीची आई, खालच्या मजल्यावरचे निवृत्त गुजराती काका, सगळे आपापल्या पुरचुंड्या घेऊन येऊ लागले. बायकोचं विचारणं सुधारत गेलं, कारण यातला एकही जण सरळ उत्तर द्यायला तयार नव्हता. मला जाकिटाशेजारी परीक्षक म्हणून बढती मिळाली. खरं सांगायचं तर मला ते लागलं. गरोदरपण माझं चांगलं वठत होतं.

नोव्हेंबरात परीक्षा झाली. संध्याकाळी आई आणि मी दाराशीच उभे. कुठले रोग आले, आपल्यातले किती, गुडघे होते का? बायको म्हणाली, “आत काय विचारलं ते बाहेर सांगायचं नाही, तशी सही घेतात.” आई सोफ्यावर बसली ती जेवायलाच उठली. इतके महिने आजारी पडायचं आम्ही आणि पेपर बघायचा नाही, असा अन्याय तिने जिल्हा परिषदेतही पाहिला नव्हता.

निकाल लागला तेव्हा ती साताऱ्याला पोचली होती. बायको पास झाली हे मी सांगितलं, तर “होणारच होती” म्हणून तिने विषयच संपवला. तिच्याकडे त्याहून मोठी बातमी होती. सकाळी ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गोळ्या आणायला गेली होती. मुलाने कात्री उचलली. आई म्हणाली, नावाच्या बाजूने कापू नकोस. त्याने स्ट्रिप फिरवली.

“नि मग?”

“मग म्हटलं, अ‍ॅलर्जी विचार. तो म्हणाला, आजी, मागे गर्दी आहे. मी म्हटलं, असू दे की, तिकडे सात मिनिटं देतात. मागचे म्हणायला लागले, विचार रे बाबा, विचारून टाक. तर विचारलं त्याने.”

“काय सांगितलंस?”

“वांगं.”