शिराझ घरी आल्यास काय करावे

पाहुण्याच्या पिशवीतून पेढ्यांच्या खोक्याऐवजी बाटली निघाली, तर घाबरू नये. चष्मा लावून लेबल वाचावे, ‘नाशिक’ आणि ‘शिराझ’ हे दोन शब्द सापडले की "अरे वा!" एवढेच म्हणावे. "शिराझ म्हणजे इराणातलं ना?" असे कुणीतरी हमखास विचारते. त्याला सांगावे की १९९० च्या दशकाच्या अखेरीस या द्राक्षाची जनुकीय तपासणी झाली आणि आईबाप दोघेही आग्नेय फ्रान्सचे निघाले. घराण्याची चौकशी अशी समाधानकारक झाल्यावर बाटली फ्रिजमध्ये ठेवावी.

"रेड वाइन रूम टेंपरेचरलाच पितात" असे बजावणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो. कुणाच्या रूमचं, असे त्याला विचारावे. हा नियम युरोपातल्या गारठलेल्या दगडी घरांत जन्मला. वाइनला हवे असतात १६ ते १८ अंश, आणि आपल्या हॉलमध्ये पंखा पाचावर असूनही ३० च्या खाली काटा येत नाही. तेव्हा पाऊण तास फ्रिज. भाच्याला तोवर बर्फाचा ट्रे भरायला पाठवावे. बर्फ लागणार नाही, पण भाचा कामाला लागेल.

बाटलीला फिरकीचे झाकण निघाल्यास खट्टू होऊ नये. वाइनचे त्याने काही बिघडत नाही, फक्त यजमानाचा रुबाब थोडा कमी होतो. पेला काचेचा, मोठ्या पोटाचा घ्यावा आणि एक तृतीयांशच भरावा. येथे काका मध्ये पडतात.

"एवढीशीच? कंजूषपणा कशाला?"

"काका, उरलेली जागा वासासाठी असते."

"बरं. सोडा कुठंय?"

"ह्यात सोडा घालत नाहीत. पाणीही नाही."

"म्हणजे द्राक्षासवच की! मग जेवण झाल्यावर दे, दोन चमचे."

हा वाद वाढवू नये. काकांच्या बाजूने आयुर्वेद आहे.

पेला टेबलावर टेकवूनच फिरवावा, विशेषतः सोफ्याचे कव्हर फिके असल्यास. काचेवरून ओघळ उतरताना दिसले की जाणकार मंडळी पसंतीची मान डोलावतात. आपण डोलावू नये. मद्यार्क पाण्याच्या आधी उडतो, म्हणून ते ओघळ येतात. त्यावरून कळते ते वाइनमध्ये मद्यार्क बराच आहे एवढेच, आणि तो आकडा, साधारण १४ टक्के, लेबलावर छापलेला असतोच.

मग नाक. शिराझला काळ्या मिऱ्यांचा वास येतो, आणि ही थाप नव्हे. रोटंडोन नावाचे एकच द्रव्य मिऱ्यांतही असते आणि शिराझच्या सालीतही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवून दिले. गंमत अशी की पाचांतल्या साधारण एका माणसाला हा वास येतच नाही. त्यामुळे "मला मेलीला काहीच येत नाही" म्हणणाऱ्या मावशींना हसू नये. त्या एकट्याच खरे बोलत असण्याची शक्यता मोठी आहे. "तंबाखूचा वास येतोय" हे वाक्य मात्र आजींच्या देखत टाळावे. आजोबांचे खिसे तपासले जातात.

आता घोट. तो तोंडात घोळवावा, चूळ भरल्याचा आवाज न करता. जीभ कोरडी पडेल, हिरड्या आखडतील. वाइनची द्राक्षे थॉमसनसारखी खाण्याजोगी नसतात. ती लहान, जाड सालीची आणि बियांनी भरलेली असतात, आणि रेड वाइनचा रस सालीबियांसकटच आंबवतात. त्यातून उतरणारे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते आणि तोंडातले वंगण जाते. जेवणाचा सगळा हिशेब या तुरटपणावर बेतावा. ताटात चरबी आणि प्रथिने असली की टॅनिन त्यांच्या मागे लागते, आपली लाळ सुटते.

म्हणून मटण, आणि तेही हाडाचे, चरबीचे. भाजलेले सुके खोबरे आणि खरपूस कांदा पिंपातल्या वाइनच्या धुरकट चवीला सख्ख्या भावासारखे ओळखतात. अडचण तिखटाची. मिरचीची आग जिभेला ज्या वाटेने कळते तीच वाट मद्यार्क आणखी मोकळी करतो, म्हणजे प्रत्येक घोटागणिक रस्सा जास्त तिखट लागतो. सावजीबरोबर शिराझ उघडणाऱ्याला कुणी वाचवू शकत नाही. लवंगीऐवजी ब्याडगी वापरावी, रंग तोच राहतो आणि कुणाला संशय येत नाही. कोल्हापूरकर पाहुणे असल्यास अवघड निर्णय घ्यावाच लागेल: तांबडा रस्सा त्यांच्यापुढे, पांढरा आपल्यापुढे. नारळाचे दूध आणि खसखस यांचा शिराझशी जो मेळ बसतो, तो पाहून मी तरी कायमचा पांढऱ्याचा झालो आहे.

शाकाहारी पाहुण्यांना वांग्याचे भरीत द्यावे. खानदेशी असेल तर हिरव्या मिरच्यांची संख्या आधी मोजून घ्यावी. बांगडा नको, कारण रेड वाइनमधल्या लोहामुळे माशाचा वास तोंडात उठून बसतो. पुरणपोळी तर नकोच. गोडापुढे ही वाइन आंबट-कडू लागते आणि दोष पुरणाला दिला जातो.

उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीनचार दिवस टिकते. दात मात्र लगेच घासू नयेत. वाइन आम्लधर्मी असल्याने दातांचे कवच थोडे मऊ पडलेले असते, अर्धा तास थांबावे. नेमक्या त्या अर्ध्या तासात शेजारच्या काकू विरजण मागायला येतात. जूनमध्ये "जांभळं खाल्ली" असे सांगता येते. डिसेंबरात ओठ मिटून विरजण द्यावे.