एक जूनची पोरं

एक जूनला कोल्हापूरच्या स्टँडवर जावं आणि दिसेल त्या पांढऱ्या डोक्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात. फार थोड्या वाया जातील. आमच्या पिढीला जन्म आईबापांनी दिला, तारीख मात्र गुरुजींनी दिली. जूनमध्ये शाळा उघडायची, पोरगं धरून आणलं जायचं आणि गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं. माझा पोचेना. पण गुरुजींना पट भरायचा होता. त्यांनी माझी मान जराशी कलती केली, कान हाताकडं आणला आणि रजिस्टरात लिहिलं : १ जून १९४९. आई शेवटपर्यंत सांगत राहिली, की तू बेंदराच्या दुसऱ्या दिवसाचा, बैलांच्या शिंगांचा रंगसुद्धा वाळला नव्हता. तिच्या खाणाखुणांवरून मी हिशेब मांडला, तर साल १९५० निघालं.

म्हणजे जन्माआधीचे चौदा महिने माझ्या नावावर चढले होते. त्याची वसुली सरकारनं पुरेपूर केली. नोकरीत अठ्ठावन्नला निवृत्ती, आणि ज्याची जन्मतारीख महिन्याची एक असते त्याला आदल्या महिन्याच्या अखेरीलाच घरी पाठवायचा नियम. ३१ मे २००७ ला आमच्या कचेरीत पाच जणांना एकदम निरोप दिला. नारळ पाच, शाली पाच, भाषण एकच. साहेब फक्त नाव बदलत होते, त्यातही माझं चुकलं. घरी येताना मनातल्या मनात गुरुजींना मी जे बोललो, ते छापण्यासारखं नाही.

आणि मग २६ ऑगस्ट २०२२ उजाडला. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यभर एसटी फुकट! साधी असो की शिवशाही. योजनेला नाव दिलं 'अमृत ज्येष्ठ नागरिक'. पासष्ट ते पंचाहत्तर मात्र अर्धं तिकीट, म्हणजे मी अजून अर्ध्यातच. कागदोपत्री त्र्याहत्तर. पंचाहत्तरीची इतक्या आतुरतेनं वाट पाहणारा माणूस आमच्या घराण्यात पूर्वी झाला नसावा. रेल्वेची एक सवलत होती, पुरुषांना साठीपासून शेकडा ४०. तीही मार्च २०२० मध्ये गेली ती गेली. आता काय ती भिस्त एसटीवर.

मधल्या काळात घरात एक दुर्घटना घडली. सौभाग्यवतींना डिसेंबर २०२२ मध्ये पासष्ट लागलं... म्हणजे पूर्ण झालं. अर्धं तिकीट! पहिल्या दिवशी तिनं कंडक्टरपुढं आधार कार्ड असं धरलं, जणू ताम्रपट. जेमतेम तीन महिने हे वैभव टिकलं. १७ मार्च २०२३ पासून सरकारनं सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट करून टाकलं. शेजारच्या सीटवर कानात वायरी घातलेली कॉलेजची पोरगी, तिलाही अर्धं. "अहो, हिनं काय केलंय?" सौभाग्यवती माझ्या कानात कुजबुजल्या. कुजबुज ड्रायव्हरपर्यंत गेली. "पासष्ट वर्षं मी काय उगीच काढली?"

१ जून २०२४. स्टँडवर रांगोळी, गाड्यांना हार. क्षणभर वाटलं माझ्यासाठीच. पण १ जून हा एसटीचाही वाढदिवस. १९४८ साली याच तारखेला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. माझ्याहून बरोबर एका वर्षानं थोरली. तिची तारीख तेवढी खरी.

मी निपाणीच्या गाडीत चढलो. कंडक्टर आला, कार्ड पाहिलं, मशिनवर बोटं नाचवली आणि चिठोरं हातात ठेवलं. शून्य रुपये. या तिकिटाचे पैसे सरकार महामंडळाला देतं, म्हणून शून्य असलं तरी तिकीट काढायचंच. पन्नास वर्षांच्या सवयीनं माझी सुट्ट्या पैशांची मूठ पुढं झालेली. ती तशीच मागं घेताना अंगात चोरी केल्यासारखं झालं. खरं पाहता त्या दिवशी मला त्र्याहत्तर वर्षं नि दहा महिने झाले होते. गुरुजींनी माझे चौदा महिने फेडले होते! मनातल्या मनात त्यांना दिलेल्या शिव्यांतल्या निम्म्या परत घेतल्या.

"आणि हे पुढचं," कंडक्टर म्हणाला आणि हात पुढं केला.

"पुढचं कसलं? फुकट ना?"

"हद्दीपर्यंत फुकट, आजोबा. पुढं कर्नाटक."

कागल सुटलं. दूधगंगेच्या अलीकडं मी अमृत, पलीकडं आला-गेला प्रवासी. मूठ पुन्हा उघडली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पण गुरुजींची खरी करामत कळली ती पंढरपूरला जाताना. बरोबर कागलची अक्का. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गांधीजी गेले त्या सालची. मला आणि माझ्या पाठच्या दोघांना कडेवर घेण्यात तिचं शाळेत जायचं वय निघून गेलं. अकराव्या वर्षी ती पहिलीत बसली. तोवर आमचे गुरुजी बदलून गेलेले. नव्या गुरुजींनी हात, कान वगैरे भानगडीत न पडता सरसकट सहा वर्षं लिहिली : १ जून १९५३.

आरक्षणाचे काय ते पैसे भरून आम्ही पुढची दोन सीटं धरली होती. मी खिडकीशी, कारण लहानपणापासून खिडकी मलाच. कंडक्टरनं दोघांची कार्डं घेतली. मला शून्याचं दिलं, अक्काला अर्धं.

"अक्का, पैसे मी देतो," मी पिशवीत हात घालत म्हणालो.

कंडक्टर जायला निघालेला थांबला. कार्डं परत मागून घेतली. एकदा हे पाहिलं, एकदा ते.

"काका, ह्या तुमच्याहून चार वर्षांनी धाकट्या. मग अक्का कशा काय?"

अक्कानं चंचीतून सुपारीचं खांड काढलं, तोंडात टाकलं.

"आमचे गुरुजी येगळे व्हते," ती म्हणाली.