घंटेचा मानकरी

आचऱ्यात फुकट काम करायला माणसं मिळत नाहीत, हा मुंबईहून मे महिन्यात येणाऱ्यांचा गैरसमज आहे. वाटेल तेवढी मिळतात. फक्त त्या कामाला मान हवा. पालखीला पुढचा खांदा कोणाचा, गाऱ्हाणं कोणी घालायचं, पहिला नारळ कोणाच्या हातात द्यायचा, हे कोकणातल्या देवस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि ठरलेलं नसेल तर ते कोर्टात असतं. देवाची सेवा सगळेच करतात, पण कोणती सेवा कोणाची हे आधी ठरवून.

अशा गावात वाढलेला माणूस निवृत्तीनंतर ध्यानकेंद्रात सेवेला जातो तेव्हा काय होतं, ते सांगायचं आहे. त्याला आपण बापू म्हणू. बापू एकच नाही. पारवाडीत एक आहे, पिरावाडीत एक आहे, खाडीपलीकडेही असणार. इथे सगळ्यांचा मिळून एक केला आहे.

बापूंचा जन्म तालुक्याच्या कचेरीत हिशेबाच्या टेबलावर गेला. रामनवमीचा मंडप कुठून कुठपर्यंत घालायचा, पंगतीत कोणाला कुठे बसवायचं, कणकवलीची शेवटची एसटी आज येणार की नाही, हे सांगण्याचा अधिकार त्यांच्याकडे कोणी दिलेला नसताना आहे. बोलणं अखंड. समोर कोणी नसलं तर माडाशी बोलतात. म्हणून त्यांच्या मुलाने मुंबईहून त्यांचा विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराचा अर्ज भरला, तेव्हा त्यांच्या पत्नी, काकी, एवढंच म्हणाल्या, “चाळीस वर्सां झाली, माका एक दीस तरी गप रवान दाखवलात काय?”

बापूंना ॲसिडिटी होती. ती जाईल म्हणून ते तयार झाले. कोणीतरी सांगितलं की, विपश्यनेची ही शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोयंका स्वतः अर्धशिशीला कंटाळून 1955 साली रंगूनचे ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते, आणि डोकेदुखीसाठी आला असशील तर येऊ नकोस, असं म्हणून त्यांनी आधी नकारच दिला होता. बापूंच्या ध्यानात यातलं राहिलं ते भलतंच. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्या 1948 साली तिथले अकाउंटंट जनरल झाले. “म्हणजे आमच्याच खात्यातले,” बापू म्हणाले, आणि विद्येबद्दलची त्यांची उरलीसुरली शंका मिटली. गोयंका मूळ मंडालेचे हे कळल्यावर तर व्यवहारच पक्का झाला. मंडालेचा शेवटचा राजा थिबा इंग्रजांनी आणून ठेवला रत्नागिरीत, 1916 मध्ये तो तिथेच वारला. आपल्या टिळकांना ठेवलं मंडालेत. “आमी त्येंचो राजा सांबाळलंव, त्येनी आमका ह्यां दिल्यानी. हिशेब बरोबर.” बापूंच्या खतावणीत कुठलीही नोंद एका बाजूने राहत नाही.

आणि दहा दिवस घर सोडून राहण्याचं आचरेकराला कसलं नवल? दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रीमांजरं घेऊन वेशीबाहेर पडतो. तीन दिवस, तीन रात्री गावात चिटपाखरू नाही. माळावर, खाडीच्या काठी झोपड्या उभ्या राहतात. पुन्हा कौल झाल्याशिवाय कोणी परत फिरत नाही. या गावपळणीवर बापूंचा फार भरवसा होता. त्यांच्या एक लक्षात आलं नव्हतं. गावपळणीत गप्प राहतो तो गाव. माणसं झोपड्यांत रात्रभर भजनं करतात, फुगड्या घालतात, पत्ते कुटतात, मासे भाजतात. शिबिरात नेमकं उलटं असतं. पहाटे चारला उठा, दिवसाचे दहा तास डोळे मिटून बसा, दहाव्या दिवसापर्यंत आर्यमौन पाळा, आणि मासे नाहीत.

ते शिबीर बापूंनी पुरं केलं. कसं, ते ते सांगत नाहीत असं म्हणतात आणि रोज सांगतात. परत आल्यावर पंधरवडाभर ते हळू बोलत. लोक दारावरून जाताना विचारत, “बापूनु, बोलतास काय मौनात आसास?” मासळीबाजारात सुरमईचा भाव ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि “अनित्य,” एवढंच म्हणाले. मासेवालीने सुरी खाली ठेवली नाही. “अनित्य आसा म्हणान पैशे कमी देव नकात.”

इथवरचे बापू गावोगाव भेटतात. गंमत सुरू होते ती सेवेपासून. विपश्यनेची केंद्रं चालतात ती शिबीर केलेल्यांनी दिलेल्या दानावर आणि त्यांच्याच श्रमावर. राहण्या-जेवण्याचे पैसे कोणी घेत नाही, आणि एकदाही शिबीर न केलेल्याने दान देऊ केलं तर तेही घेत नाहीत. म्हणजे भाजी चिरणारा, झाडणारा, अर्ज तपासणारा, घंटा वाजवणारा हा कालचा साधकच असतो. त्याला धम्मसेवक म्हणतात. गोयंकांनी 1969 साली मुंबईत भारतातलं पहिलं शिबीर घेतलं आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली, त्याच परंपरेतला हा रिवाज आहे.

बापूंनी सेवेचा अर्ज भरला. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं: रामनवमी मंडप व पंगत नियोजन, गावपळणीत वाडीची व्यवस्था, शासकीय हिशेब. रकाना पुरला नाही म्हणून पुरवणी जोडावी, असा त्यांचा विचार होता, पण मोबाइलवर पुरवणी जोडता आली नाही. कणकवलीला तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसताना त्यांची खात्री होती की, आपल्याला कार्यालयात टेबल मिळेल. निदान एक रजिस्टर. दादरला गाडी बदलून, कसाऱ्याचा घाट चढून ते इगतपुरीला पोहोचले, आणि त्यांना मिळाली कोथिंबीर.

निवडायची कोथिंबीर. ढीगभर. मग बाथरूम. मग पुन्हा कोथिंबीर.

बापूंनी कुरकूर केली नाही. कुरकूर करण्यासाठी बोलावं लागतं, आणि सेवकाने कामापुरतंच, हळू आवाजात बोलावं असा नियम आहे. त्यांनी नियमाचा अर्थ आपल्या परीने लावला. व्यवस्थापकाने दोनदा टोकल्यावर म्हणाले, “मी बोलूक नाय. फकत सांगलंय.” त्यांचं सांगणं डाळीबद्दल होतं. नारळाचं वाटण नसलेली डाळ माणसं दोन वेळा कशी खातात, हा त्यांचा साधा प्रश्न. इथे संध्याकाळी जेवण नसतं, नव्या साधकांना चहा आणि फळ किंवा थोडे चुरमुरे, जुन्यांना नुसतं लिंबूपाणी, हे कळल्यावर त्यांनी प्रश्न मागे घेतला. डाळ दोन वेळा नाही, एकच वेळ आहे, हे त्यांना समाधानकारक वाटलं.

तिसऱ्या दिवशी घंटा रिकामी झाली. पहाटेची घंटा वाजवणारा सेवक तापाने पडला. बापू पुढे झाले, पण हात लावण्याआधी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, “घाट मारूचो मान कोणाचो?”

नाशिकचा एक पोरगा कांदे सोलत होता. तो म्हणाला, “काका, ज्याला जाग येते त्याचा.”

हे उत्तर बापूंना आजवर कोणी दिलं नव्हतं. कुठल्याच देवळात नाही. घराणं नाही, सनद नाही, वहिवाट नाही. झोप मोडली की मान. निवृत्त माणसाला तर तीनलाच जाग येते. बापूंनी घंटा उचलली आणि निवासांच्या वाटांवरून निघाले. चारच्या काळोखात त्यांनी जी वाजवली ती आरतीची लय होती, आधी संथ, मग दुगण, शेवटी घाई. साधक उठले. काही जण सवयीने हात जोडून उभे राहिले. व्यवस्थापक चप्पल न घालता धावत आला आणि अगदी नियमात बसेल अशा आवाजात म्हणाला, “काका, आरती नाही. फक्त उठवायचंय.”

त्या शिबिरातलं बापूंचं खरं दुःख घंटेचं नव्हतं, सल्ल्याचं होतं. साधकाला ध्यानाबद्दल काही विचारायचं असेल तर ते सहायक आचार्यांना विचारावं. सेवकाने उपदेश करू नये, फक्त त्यांच्याकडे घेऊन जावं. ज्या माणसाने न विचारता पत्रिका जुळवल्या, विहिरीच्या जागा दाखवल्या आणि वाटणीचे दावे मिटवले (काही पेटवलेही), त्याला हा नियम म्हणजे तोंडाला चिकटपट्टी. आणि लोक सल्ला मागायला इतरांकडे नाही, नेमके बापूंकडे येत, कारण चेहरा उत्तर देणाऱ्याचा. सहाव्या दिवशी पुण्याचा एक संगणकवाला बॅग भरून फाटकाशी आला. गुडघे गेले, डोकं फिरलं, घरी जातो म्हणाला. बापूंनी त्याला आचार्यांकडे न्यायचं होतं. नेलंच. वाटेत मात्र गावपळण सांगितली. पुन्हा कौल होईपर्यंत वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही, एवढं सांगितलं. पोरगा राहिला. आचार्यांमुळे राहिला की फाटकावर बापू उभे असल्यामुळे, याचा निवाडा झालेला नाही. बापूंनी मात्र तो आपल्या खात्यावर जमा केला आहे.

सेवकांनाही रोज तीन वेळा, तासतासभर, सगळ्यांबरोबर ध्यानाला बसावं लागतं. रात्री साधक झोपायला गेले की सेवकांची मैत्रीभावना होते: सगळ्यांचं भलं होवो, अशी. सगळ्यांचं भलं होवो, याची बापूंना सवय आहे. गाऱ्हाण्यात दुसरं काय मागतात? पहिल्याच रात्री शेवटी बाकीच्यांनी “साधु, साधु, साधु” म्हटलं आणि बापूंच्या तोंडून निघून गेलं, “व्हय म्हाराजा!” कोणी हसलं नाही, कारण तिथे हसत नाहीत. नाशिकचा पोरगा मात्र बराच वेळ खोकत होता.

आता शेवटच्या दिवसाबद्दल. आचऱ्यात काम झालं की शाल मिळते, नारळ मिळतो, माइकवरून नाव पुकारलं जातं, पुकारायचं राहिलं तर पुढच्या वर्षी मंडपाला दोन वासे कमी पडतात. इगतपुरीत बापूंनी भांडी घासली, संडास धुतले, घंटा सुधारली, आणि अकराव्या दिवशी सकाळी सगळे आपापल्या पिशव्या घेऊन गाडी पकडायला गेले. प्रमाणपत्र नाही. आभार नाहीत. फलक नाही. बापू थोडा वेळ कार्यालयासमोर घुटमळले, काही राहिलंय का बघायला. राहिलेलं काही नव्हतं. मला विचाराल तर सगळ्या शिबिरातली ही पाच मिनिटंच त्यांना जड गेली असावीत. गुडघे त्यामानाने स्वस्तात सुटले. संडास धुऊन माणसाचा अहंकार धुतला जातो, असं म्हणणारे म्हणतात. माझा तेवढा विश्वास नाही. संडास स्वच्छ होतात, हे काही कमी नाही.

गावात आल्यावर बापूंनी सत्काराला तीनदा नकार दिला. चौथ्यांदा कोणी विचारलंच नाही. त्यानंतर ते जरा गप्प असतात. यंदा रामनवमीला पंगत उठल्यावर ते पत्रावळी उचलताना दिसले आणि वाडीत चर्चा झाली. काहींच्या मते हा बदल. काहींच्या मते ही पुढच्या ग्रामपंचायतीची तयारी.

दरम्यान काकीही शिबीर करून आल्या. शिबिरात काय झालं, एकाला सांगितलं नाही. मग सेवेला निघाल्या तेव्हा बापूंनी त्यांना सूचनांचा कागद लिहून दिला, दोन्ही बाजूंनी. काकींनी त्यात वाटेसाठी भाकरी बांधून घेतली. गावपळणीत उघड्यावर, तीन दगडांच्या चुलीवर अख्ख्या वाडीचं जेवण काढलेली बाई ती. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या मुली काय घालायचं, किती घालायचं, ते तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवू लागल्या. तिने सांगितलं काहीच नाही. हे बापूंना दुसरीकडून कळलं आणि त्यांनी त्यावर काही बोलायचं टाळलं. साधनेत प्रगती आहे.

वाचकांपैकी कोणाला अशी सेवा करायची असेल तर अट फारशी नाही: आधी एक दहा दिवसांचं शिबीर पुरं केलेलं हवं, आणि सेवेच्या काळात पंचशील पाळायचं. म्हणजे डासही मारायचा नाही, हे आचऱ्याच्या लोकांनी पावसाळ्याआधीच ध्यानात घ्यावं. महाराष्ट्र सरकार आपल्या नोकरांना शिबिरासाठी रजाही देतं. निवृत्तीनंतर जाग आल्याने ती वाया गेली, ही बापूंची एकमेव खंत आहे. अर्ज मोबाइलवर भरता येतो. न जमल्यास बापूंकडे जावं, ते आनंदाने भरून देतात. अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र आपलं आपण सांगावं, नाहीतर तिथे ते स्वतःचाच अनुभव लिहितात.