अन्न का नव्हतं?

इतिहासाच्या पेपरात 'सकारण स्पष्ट करा' असा एक प्रश्न असतो, आणि त्याच्या उत्तराचा शेवट पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. प्रश्नातलं विधान जसंच्या तसं उतरवायचं, त्याच्या आधी 'म्हणून' लावायचं आणि खाली पट्टीने रेघ मारायची. अमुक झालं, तमुक झालं, म्हणून पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला! गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालावी आणि देवाकडे न बघताच चपला शोधायला लागावं, तसलं हे पुण्य. आमच्या पिढीने ते भरपूर गाठीला बांधलं. त्या उत्तरांतली कारणं एकमेकांना साधी ओळखही दाखवत नसत. पहिल्या ओळीत बाजारबुणगे, दुसरीत अन्नटंचाई, तिसरीत अब्दालीचा अनुभव. तिघंही शिस्तीत उभे, आणि तिघंही अबोल.

शेजारची सातवीतली मुलगी परवा असंच उत्तर घेऊन आली. सरावसंचात त्यासाठी ठिपक्यांच्या चारच ओळी छापलेल्या होत्या. 'मराठ्यांकडे अन्न नव्हते,' हे तिने वळणदार अक्षरात लिहिलं होतं. मी विचारलं, "अन्न का नव्हतं गं?" ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी पेपर फोडतोय. "काका, ते विचारलेलं नाहीये."

तिचं बरोबरच होतं. तरी आम्ही नकाशा उघडला. मराठे कुंजपुऱ्याचा किल्ला घेऊन उत्तरेत, दिल्ली त्यांच्या पाठीमागे. १७६०च्या ऑक्टोबरअखेरीस अफगाण बादशहा अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला, आणि मराठे व दिल्ली यांच्या मधोमध उभा राहिला. तिने तिथे पेन्सिलीने फुली मारली आणि फुलीकडे बघत म्हणाली, "म्हणजे रस्ताच बंद!" रस्ता बंद म्हणून रसद बंद. त्यात यात्रेकरू, बायका, नोकरचाकर अशी न लढणारी हजारो तोंडं छावणीत. डिसेंबरात मराठ्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दुआबातून अब्दालीची रसद तोडण्याची आशाही त्यांच्याबरोबर गेली. मग जानेवारीच्या १४ तारखेला उपाशी फौजेला बाहेर पडून लढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. बाजारबुणगे आणि अन्नटंचाई हे दोघे सख्खे नातेवाईक निघाले, आणि त्यांची भेट एका सातवीतल्या पोरीने घालून दिली. तिचा परिच्छेद चार ओळी ओलांडून समासात शिरला, तिथून पानाच्या मागे गेला.

तिचा दहावीतला दादा इंग्रजीचं 'ॲप्रिसिएशन' घोकत बसला होता. कवितेचं नाव, कवीचं नाव, यमकरचना, अलंकार, आशय. सगळे मुद्दे हजर. कविता टागोरांची, 'व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर'. त्याने 'पुनरावृत्ती' हा अलंकार पकडून वहीत कोंडून टाकला होता. "पण ती कशासाठी केली?" या प्रश्नावर मात्र बहिणीचंच घराणं: "त्याला मार्क नाहीत." आता ही सबंध कविता म्हणजे एकच वाक्य आहे. 'व्हेअर'मागून 'व्हेअर' येत राहतात आणि वाक्य काही पुरं होत नाही. वाचणाऱ्याचा श्वास अडकलेला, आणि तो सुटतो थेट शेवटच्या ओळीतल्या प्रार्थनेत. एवढं सांगितल्यावर दादाने कविता पुन्हा एकदा वाचली, या खेपेस मोठ्याने आणि दम न घेता. बहीण हसली. तोही हसला, पण अलंकाराच्या नावापुढे त्याने दोन ओळी वाढवल्या.

मोठ्या माणसांचंही काही चार ओळींत भागलेलं नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला, तेव्हा त्याच्या लांबलचक प्रस्तावनेत त्यांनी पानिपताची कारणं उलगडली आणि गोविंदपंतांवर बराच ठपका ठेवला. गोविंदपंतांची वकिली करणारेही पुढे निघाले. इतिहासकार शेजवलकरांनी तर या एका लढाईवर सबंध पुस्तक लिहिलं. कागदपत्रं बहुतेक तीच, भांडण सगळं कशामुळे काय झालं याचं. हे भांडण मला फार आवडतं. हरलेल्या लढाईवर इतक्या जिव्हाळ्याने भांडणारी माणसं दुसरीकडे असतील, पण आपल्याकडची जरा जास्तच चिवट आहेत.

तेव्हा सरावसंच छापणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. कागद महाग झालाय, हे मान्य. तरी 'सकारण स्पष्ट करा'च्या खाली ठिपक्यांच्या आणखी चार ओळी सोडा.