मधला नोड

१९९८ साली बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ झालं आणि आमच्या भागात तंबाखूच्या जोडीला पीएचडीचंही पीक निघू लागलं. आमच्या निपाणीच्या गल्लीतले सर त्यातलेच. त्यांचं पीक तेवढं अजून रानात उभं आहे. विषय : मोबाईल ॲड हॉक नेटवर्कची सुरक्षा.

म्हणजे काय, हे मी एका लग्नाच्या पंगतीत विचारून बसलो.

"टॉवर नाही, वायर नाही. या फोननं त्या फोनला द्यायचं, त्यानं पुढच्याला. ही पंगतच बघा की! बासुंदीचं पातेलं व्याह्यांकडं पोचवायचंय, पण व्याही दिसत नाहीत. यजमान ओरडतो, 'व्याही कुठं बसलेत?' हाक पानावरनं पानावर जाते. एवढ्यात मधला एकजण म्हणतो, 'माझ्याकडनंच जवळ पडतंय, आणा इकडं!' पातेलं आलं की गप गिळतो. हा ब्लॅक होल अटॅक."

"मग उपाय?"

"वॉचडॉग. स्टॅनफर्डवाल्यांचा पेपर हाय, २००० सालचा. शेजाऱ्यानं पातेलं पुढं सरकवलं का नाही, कान देऊन ऐकायचं."

आमच्या काकू हेच काम खिडकीत बसून स्टॅनफर्डच्या कितीतरी आधीपासून करताहेत. त्यांना कुणी डॉक्टर म्हणत नाही, एवढंच.

सरांचे फोन खरे नसतात. एनएस-टू नावाच्या प्रोग्राममध्ये हजार मीटर लांब, हजार मीटर रुंद मैदान. त्यात पन्नास ठिपके, म्हणजे नोड. ठिपका मनाला येईल तिकडं निघतो, सरळ चालतो, जरा थांबतो, पुन्हा भलतीकडंच निघतो. (रिटायर झाल्यापासून आमचे अण्णाही असेच हिंडतात.) सकाळी दुधाच्या रांगेत सर हळूच सांगतात, "काल रात्री पाच नोड फितूर केले." आणि सुस्कारा सोडतात, "विश्वास कुणावर ठेवायचा, हाच प्रॉब्लेम हाय बघा."

कुणाकडं गेले की आधी वायफायचा पासवर्ड विचारतात. यजमानानं भाबडेपणानं पोराचं नाव सांगितलं, की सरांचा चहा गार होतो आणि त्या घरच्यांना तासभर बोलणी बसतात.

असा हा माणूस आपलं चौथं प्रकरण बेळगावच्या गाइडकडं मात्र पिशवीतून पाठवतो. "मेलचं काय सांगावं?" पिशवी आधी पानपट्टीवाल्याकडं, तिथनं कर्नाटकच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं, पुढं बेळगावच्या स्टँडावर ओळखीच्या हमालाकडं. परतीची वाट तीच, फक्त पानपट्टीवरनं पिशवी घरी आणायचं काम माझ्याकडं.

परवा पिशवी आली. लाल शाईनं रंगलेली सगळी पानं शाबूत. संध्याकाळी गाइडचा फोन : "कुंदा आवडला का?"

सर गोंधळले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पानं आली आणि कुंदा तेवढा गेला! सगळंच गिळलं असतं तर ब्लॅक होल. हा निवडून गिळतोय. ग्रे होल, ग्रे होल!" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना जिवंत पुरावा मिळाला होता.

तिथंच त्यांनी वाटेतले सगळे नोड ओळीनं कागदावर लिहून काढले. हमाल, ड्रायव्हर, पानपट्टी. प्रत्येकापुढं प्रश्नचिन्ह. शेवटचं नाव लिहिताना जरा थांबले, माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "तुमचं सोडा, तुम्ही ट्रस्टेड नोड."

कुंदा झकास होता.