चाच्यांसाठी बांधलेला चकवा

ग्रीसच्या खिओस बेटावरचं मेस्ता हे गाव परक्या माणसाला आत वाट सापडू नये, याच हेतूने बांधलेलं आहे. आम्ही तिथे भाऊजींसोबत पर्यटक म्हणून गेलो.

या आडमुठेपणाच्या मुळाशी आहे डिंक. बेटाच्या दक्षिणेला मस्तकीची झुडपं. खोडाला चिरा दिल्या की थेंब गळतात आणि वाळून खडे होतात. आपल्याकडे काष्ठौषधीवाल्याकडे 'रुमी मस्तकी' मिळते, ती हीच. १३४६ ते १५६६ इथे जिनोआवाल्यांचा अंमल. त्यांनी व्यापारी हिशेब मांडला: डिंक महाग, चाचे फार, तेव्हा डिंक काढणारे शेतकरीच कडीकुलपात ठेवावेत. घराला घर चिकटवलं. कडेच्या घरांच्या पाठी हाच तट. गल्ल्या मुद्दाम वाकड्या, काही तर थेट भिंतीवर आपटणाऱ्या. गच्च्या मात्र सलग. संकट आलं की गावकरी वरून पळत मधला बुरूज गाठणार आणि चाचे खाली बोळांत पत्ता शोधत बसणार.

भाऊजींनी फोन काढला. "नकाशा आहे ना! डावीकडे वळा."

"भाऊजी, डावीकडे भिंत आहे."

"नकाशात नाहीये."

एका कमानीखाली टोमॅटो निवडत बसलेल्या आजीबाई आम्हाला पाहून हसल्या. बऱ्याच वळणांनंतर पुन्हा त्याच आजीबाई, जरा जास्त हसल्या. त्यानंतर आम्ही उगवलो, तेव्हा त्यांनी शेजारणीलाही बोलावून घेतलं होतं.

शेवटी नकाशाने नाही, तळणाच्या वासाने चौकात पोचवलं. बुरूज आता नाही. त्याच्या जागी ताक्सियार्खिस देवदूताचं भलंमोठं चर्च आहे, आणि जवळच खानावळींची टेबलं. तिथे 'पाणबुडी' मागवली: थंडगार पाण्याच्या ग्लासात चमचाभर घट्ट, पांढरा मस्तकीचा गोड गोळा. चमचा चाटायचा, वर पाणी प्यायचं. भाऊजींनी तो लिंबूसरबतासारखा खसाखसा ढवळला. मालकाने डोळे मिटून घेतले.

बिल आलं तेव्हा गावाचं शहाणपण पटलं. पूर्वी लुटारूंना बुरुजापर्यंत पोचू देत नसत. आता पोचू देतात, पण लुटायचं कोणी, ते ठरवून घेतलंय.

"बाहेर जायची वाट कुठली?" भाऊजींनी खुणेने विचारलं.

मालक आत गेला आणि आणखी दोन पाणबुड्या घेऊन आला.