मार्गे पिकॅडिली

लंडनला जायचं, हे आमच्याकडे एका चहाच्या वेळेत ठरलं. विमानतळावरून हॉटेलात कसं जायचं, हे ठरेना. दिवाळी गेली, संक्रांत गेली, व्हिसा हातात आला, तरी प्रश्न जागच्या जागी. घरात माणसं सहा आणि मतंही सहा. धाकट्याचं मत ‘हेलिकॉप्टर’ असं असल्यामुळे ते सोडून दिलं, तरी पाच उरतात. त्यातलं एक अण्णांचं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. कराड डेपोच्या खिडकीत बसून त्यांनी उभी हयात लोकांना कुठली गाडी कधी सुटेल आणि कुठल्या फलाटावर लागेल ते सांगितलं. अशा माणसाला ‘अण्णा, तुम्ही निवांत बसा, आम्ही बघतो काय ते’ असं म्हणायची कुणाची प्राज्ञा?

माझा नवरा बँकेत आहे, त्यामुळे त्याचा एक्सेलवर विश्वास आहे. त्यानं तक्ता केला. डावीकडे हीथ्रोवरून निघायचे सगळे मार्ग, वरती वेळ, भाडं, गाडी किती वेळा बदलायची, पायऱ्या किती. शेवटचा रकाना ‘आईचे गुडघे’. प्रत्येक मार्गाला गुडघ्यांच्या दृष्टीनं पाचपैकी गुण दिलेले. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चष्मा लावून तो कागद वाचला आणि म्हणाल्या, “माझ्या गुडघ्यांना पाचपैकी दोन? इतके काही वाईट नाहीत ते.”

तक्त्यात पहिली होती हीथ्रो एक्स्प्रेस. १९९८ साली सुरू झालेली, पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन. खिडकीवर तिकीट काढलं तर तेव्हा माणशी २५ पौंड पडायचे, मुलं फुकट. म्हणजे चार मोठ्यांचे शंभर पौंड देऊन आम्ही पंधरा मिनिटांत पोहोचणार कुठे, तर पॅडिंग्टनला. हॉटेल रसेल स्क्वेअरला. “साताऱ्याला जायचंय आणि तू मला विमानाच्या वेगानं शिरवळला उतरवणार,” अण्णा म्हणाले. एक्स्प्रेस बाद झाली.

दुसरी एलिझाबेथ लाइन. २०२२ सालची, नवी कोरी, वातानुकूलित, पॅडिंग्टनला अर्ध्या तासाच्या आसपास नेते आणि तशीच पुढे शहराच्या पोटातून पलीकडे जाते. दिसायला देखणी. पण गाडीची लांबी दोनशे मीटरच्या वर, आणि चुकीच्या टोकाच्या डब्यात बसलं तर उतरून आणखी चालायचं. शिवाय रसेल स्क्वेअरला ती जातच नाही. नवऱ्याचा जीव मात्र तिच्यावरच जडला होता.

तिसरी लंडनची ती काळी टॅक्सी. तिच्याबद्दल अण्णांना नितांत आदर. का, तर तो परवाना काढायला चालकाला शहरातले सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि त्यात तीन-चार वर्षं सहज जातात. “याला म्हणतात परीक्षा,” ते म्हणाले. पण सहा माणसं आणि एवढ्या बॅगा तिच्यात मावणार नाहीत, आणि मावल्या असत्या तरी आईंनी लंडन न बघता वाटभर मीटरच बघितला असता.

चौथा पर्याय आधी ठरवून ठेवायची खासगी गाडी. चालक आपल्या नावाची पाटी घेऊन बाहेर उभा राहतो, बॅगा उचलतो, थेट दारात सोडतो. मला हाच पटत होता. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका शब्दात निकाल दिला, “वडाप.”

सातारा-कराडकडच्या वाचकांना यापुढे काही सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की स्टँडसमोर उभं राहून एसटीचे प्रवासी पळवणारी जी जीप, ती वडाप. अण्णांनी नोकरीभर तिच्याशी लढा दिला. आता सातासमुद्रापार जाऊन ते तिच्यात बसणार होय?

राहता राहिली पिकॅडिली लाइन. जुनी भुयारी गाडी, हीथ्रोपर्यंत १९७७ पासून येते. तासभर लागतो, भाडं एक्स्प्रेसच्या चौथाईच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे न बदलता थेट रसेल स्क्वेअर. तक्त्यात तिच्या रांगेत एकच गोष्ट लाल रंगात होती, ती म्हणजे बॅगा.

बॅगांवर मला थोडं सविस्तर बोललंच पाहिजे. प्रवासाच्या सल्ल्यांमध्ये माणसं मोजतात आणि बॅगा मोजतात. हात कोणी मोजत नाही. आम्ही सहा जण, म्हणजे कागदावर हात बारा. पण अण्णांचा एक हात कागदपत्रांच्या फाइलला कायमचा दिलेला. आईंचा एक हात कठड्याला, दुसरा पर्सला. माझा एक धाकट्याच्या मनगटाला, आणि धाकट्याचे दोन्ही हात जिथे लावू नयेत तिथे. लेकीच्या दोन्ही हातांत फोन. कामाचे हात उरले चार. मोठ्या बॅगा सहा, आणि त्यातली एक आमची नव्हेच. सोसायटीतल्या काकूंची मुलगी तिकडे शिकते, तिच्यासाठी भाजणी, मेतकूट आणि तीन लिटरचा प्रेशर कुकर. “जातच आहात तर,” असं म्हणून त्यांनी दिला होता. या तीन शब्दांनी मराठी माणसाच्या सामानाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्याही विमान कंपनीनं केलेलं नाही.

वाद मिटवला आईंनी. त्यांनी इतके दिवस कोणीच न विचारलेला प्रश्न विचारला, “बसायला मिळेल का?”

अण्णांची कळी खुलली. हीथ्रो म्हणजे त्या गाडीचं सुटायचं ठिकाण. गाडी सुटते तिथे चढलं की जागा मिळणारच. हे सत्य कराडला जितकं खरं तितकंच लंडनला. एक्सेल मिटला.

टर्मिनल दोनवरून स्टेशनपर्यंतचं चालणं मी थोडक्यात आटपते, कारण चालताना ते थोडक्यात आटपलं नव्हतं. स्टेशनात कार्डांचा कार्यक्रम झाला. तिथे तिकीट म्हणजे आपलंच बँकेचं कार्ड. पिवळ्या चकतीला आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना तेच पुन्हा टेकवायचं. माणशी कार्ड वेगळं. बाहेर पडताना टेकवायला विसरलात, तर जास्तीत जास्त भाडं कापून घेतात. आईंनी कार्ड न काढता अख्खी पर्सच चकतीवर ठेवली. पर्समध्ये कार्डं दोन. कुठल्याचे पैसे घ्यावेत हे दाराला कळेना, दार उघडेना. “एका वेळी एकच तिकीट दाखवावं,” अण्णा पलीकडून म्हणाले.

त्याआधी त्यांचा स्वतःचा एक सामना झालाच होता. महाराष्ट्रात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट. अण्णा त्या मानाचे धनी. त्यांनी स्टेशनातल्या खाकी जाकिटातल्या एका माणसापुढे आपलं वय नम्रपणे मांडलं. (जाकीट खाकी नव्हतं, पण अण्णांना गणवेशातला प्रत्येक जण खाकीच दिसतो.) तो म्हणाला, ज्येष्ठांना मोफत पास आहे, पण लंडनमध्ये राहणाऱ्यांना. अण्णा म्हणाले, “राहणारच आहोत की आठवडाभर.”

मग मुलांचं. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट, म्हणजे धाकटा सुटला. लेकीला अकरा पूर्ण. आईंनी तिला बाजूला घेतलं आणि पिढ्यान्पिढ्या चालत आलेला मंत्र दिला, “विचारलं तर दहाच सांग.” लेक म्हणाली, “आजी, पासपोर्टवर तारीख आहे.” शेवटी त्या भल्या माणसानं तिच्यासाठी निळं ऑयस्टर कार्ड घेऊन त्यात पंधरापर्यंतच्या पाहुण्या मुलांची सवलत घालून दिली, निम्मं भाडं. आई मला म्हणाल्या, “म्हणजे हाफ तिकीट. मग एवढं इंग्रजी कशाला बोलला?”

गाडी रिकामीच आली. अण्णांनी चढताना दाराजवळची पाटी, छत, दांडे सगळं तपासलं. नवऱ्यानं माहिती पुरवली, की या गाड्या १९७५ पासून धावताहेत. अण्णा त्याच वर्षी एसटीत लागले होते. त्यांनी बाकावर हात फिरवला. “आम्हाला अठ्ठावन्नला घरी पाठवलं,” ते म्हणाले, “हिला अजून पाठवली नाही.”

हॅमरस्मिथपर्यंत गाडी आमच्या मालकीची होती. पुढे गर्दी चढत गेली आणि आमच्या बॅगा ओलांडताना प्रत्येक जण आमचीच माफी मागत गेला. आईंना हे फार आवडलं. खरी परीक्षा होती रसेल स्क्वेअरला. तिथे वर जायला लिफ्ट आहे, पण फलाट आणि लिफ्ट यांच्या मध्ये काही पायऱ्या आहेत. आमच्या तक्त्यात पायऱ्यांचा रकाना होता, या पायऱ्या नव्हत्या. नवरा दोन बॅगा घेऊन वर गेला, मी कुकरवाल्या बॅगेशी झटत होते, आणि तेवढ्यात एक सुटाबुटातला गृहस्थ आला, एक शब्द न बोलता आईंची बॅग उचलून पायऱ्या चढू लागला. आई मागून ओरडल्या, “अगं, आधी ठरवून घे! किती घेणार विचार!”

वर बॅग ठेवून तो निघूनही गेला. आई रात्रीपर्यंत म्हणत होत्या, की हमाल चांगला होता, पण धंद्याचं काही कळत नाही त्याला.

दुसऱ्या दिवसापासून बस. लाल, दुमजली, आणि वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा. अण्णा तिथे बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. त्यांना एकच दुःख झालं: कंडक्टर नाही. जुन्या रूटमास्टर गाड्यांवर असायचा. त्या रोजच्या फेऱ्यांमधून २००५ च्या डिसेंबरात गेल्या, आणि २०१४ पासून तर बसमध्ये रोख पैसेही घेत नाहीत. “मग सुट्ट्या पैशांवरून भांडण कुणाशी करतात?” अण्णांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

बसचं भाडं तेव्हा पावणेदोन पौंड होतं, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी, कितवीही बस पकडली तरी जादा पैसे नाहीत. हे नवऱ्यानं आईंना सहज सांगितलं. सांगायला नको होतं. त्या क्षणापासून आमचं पर्यटन घड्याळाच्या ताब्यात गेलं. ट्रफाल्गर चौकात आम्ही सिंहांकडे जेमतेम पोहोचतो तोच आई म्हणायच्या, “बावीस मिनिटं राहिली.” नॅशनल गॅलरीत प्रवेश फुकट आहे, हे त्यांना पटवून दिलं, त्यावर त्या म्हणाल्या, “गॅलरी उद्याही फुकट आहे, बस आत्ता आहे.” ज्या गुडघ्यांना पाचपैकी दोन गुण होते, ते गुडघे स्टॉपकडे सगळ्यांच्या पुढे पळत होते.

भुयारी रेल्वेच्या नकाशाबद्दल नवऱ्याचं आणि माझं जमत नाही. १९३३ साली छापलेला हॅरी बेकचा तो नकाशा जगभर नावाजला गेला, कारण त्यानं वळणं सरळ केली आणि अंतरं विसरायला लावली. मला ही दुसरी गोष्टच खटकते. नकाशात लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्वतंत्र स्टेशनं दिसतात. दोघांमध्ये तीनशे मीटरही नाहीत. आम्ही त्यासाठी खाली उतरलो, गाडीत बसलो, मिनिटभरात उतरलो, लिफ्टच्या रांगेत उभे राहिलो. जिना आहे, पण १९३ पायऱ्यांचा. ग्रीन पार्कला गाडी बदलताना भुयारातून चालून चालून अण्णांनी एकदा विचारलं, “हे चालणं तिकिटात धरलंय, की वेगळं?”

नॉर्दर्न लाइन मात्र त्यांना पहिल्या भेटीत कळली. आम्हाला किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाच्या घरी जायचं होतं. डॉ. आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. अण्णांच्या यादीत ते राजाच्या राजवाड्याच्या वर होतं. जवळचं स्टेशन चॉक फार्म. नवरा फलाटावर फोन उलटासुलटा करत होता, कारण त्या लाइनच्या गाड्या शहरातून दोन वाटांनी येतात, एक बँकवरून आणि एक चेअरिंग क्रॉसवरून. कॅम्डन टाउनला एकत्र येतात आणि उत्तरेला पुन्हा दोन दिशांना फुटतात. अण्णांनी पाटी वाचली आणि कराडच्या खिडकीतला आवाज लावला. “कराड-चिपळूण, मार्गे पाटण. तसंच हे. मार्गे बँक, मार्गे चेअरिंग क्रॉस. कॅम्डन हा फाटा. एजवेअरची पाटी असेल त्यातच बसायचं, दुसरी आली तर फाट्यावर उतरून बदलायचं.” शेजारी उभी असलेली एक गोरी मुलगी नकाशा घेऊन गोंधळली होती. अण्णांनी तिलाही मराठीतच समजावलं. ती बरोबर गाडीत चढली.

घरात ते बराच वेळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहिले. आईंनीही त्या दिवशी घड्याळ पाहिलं नाही.

परतीला मी ऐकलं नाही, गाडी ठरवली. बॅगा आता आठ झाल्या होत्या. (कुकर गेला, जागा झाली, जागा झाली म्हणून खरेदी झाली.) फॉर्ममध्ये माणसं, मोठ्या बॅगा, लहान बॅगा, सगळं विचारलं होतं. मुलांचं आसन हवं का, हेही. तिकडे बारा वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर, यातलं जे आधी होईल तोवर मुलाला वेगळं आसन. आईंनी धाकट्याला हॉटेलच्या दाराला टेकवून टिकलीच्या पाकिटांनी मोजायला घेतलं. आठ आसनी गाडीत आठ जण बसतात ते बॅगांशिवाय, हे मला आधीच माहीत होतं. सहा जण आणि आठ बॅगा बरोब्बर बसल्या, फक्त लेकीच्या मांडीवर एक होती.

चालक जालंधरचा, मुक्काम साउथॉल. अण्णा पुढे बसले आणि पहिला प्रश्न, “केएमपीएल किती पडतं?” म्हणजे लिटरला किलोमीटर किती. तो म्हणाला, गॅलनला चाळीस मैल. अण्णा हाउन्स्लोपर्यंत मनातल्या मनात गुणाकार करत होते. मग म्हणाले, “चौदा! आमच्याकडे पाच पडलं तर डेपोत पेढे वाटायचे.” हीथ्रोला पोहोचल्यावर चालकानं सांगितलं, की टर्मिनलच्या दारात गाडी नुसती उभी करून माणसं उतरवायचेही वेगळे पैसे द्यावे लागतात. आम्ही हळहळलो. अण्णांचा चेहरा मात्र उजळला. “हे आम्ही कराडला करायला हवं होतं,” ते म्हणाले. “एका वर्षात वडाप संपलं असतं.”

घरी आल्यावर नणंदेचा फोन. तीही उन्हाळ्यात लंडनला निघाली आहे, म्हणून नवऱ्यानं तिला अख्खा तक्ता पाठवला, गुडघ्यांच्या रकान्यासकट. तिचं उत्तर आलं: दादा, कशाला त्रास घेतलास, आम्ही टूरबरोबर जातोय. विमानतळाच्या दारात त्यांची बस उभी असते, थेट हॉटेल, सकाळी नाश्त्याला पोहे.

अण्णांनी तो निरोप दोनदा ऐकला. “दारात उभी असते म्हणते. म्हणजे वडापच.”

“पोहे देतात ना?” आई म्हणाल्या. “मग पुढच्या वेळी मी वडापनं.”